मध्यंतरानंतरचा सिनेमा

गुरुवारी उजाडायच्या आत वहिनींनी सगळा स्वयंपाक उरकून टाकला. भाजी झाली, भात झाला, गोडाचं झालं. डब्यांची झाकणं घट्ट लावून त्यांनी ते टेबलावर ओळीनं मांडले आणि ताटं-वाट्या धुतलेल्या कापडाखाली झाकून ठेवल्या. आता संध्याकाळपर्यंत ओट्याकडे फिरकायचंही कारण नव्हतं.

दादा चष्मा पुसत दारात येऊन उभे राहिले.

"हे काय? जेवण दुपारनंतर, आणि तू आत्ताच सगळं करून मोकळी?"

"लवकर आटपलेलं बरं," वहिनी म्हणाल्या.

"गार नाही का होणार?"

"झालं तर होऊ दे एक दिवस."

दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं त्यांना गार जेवण वाढलं नव्हतं. ते जिना उतरून खाली थिएटरात गेले.

खाली थिएटर आणि वर घर अशी ही इमारत अण्णांनी, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांनी बांधली, आणि गुरुवारचा खेळही त्यांनीच सुरू केला. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. त्याच्या आदल्या दुपारी पुढचं दार बंद करून घरच्यांनी तो पाहायचा, दिवे लागले की जागेवर बसूनच एकेकानं 'लावू' किंवा 'नको' म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी वर जाऊन जेवायचं. कुठला सिनेमा संध्याकाळच्या मोठ्या खेळाला लावायचा, कुठला दुपारी ढकलायचा, कुठला परत पाठवायचा, ते असं ठरायचं; मतं सारखी पडली तर थोरल्याचं चालायचं. सिनेमाची रिळं घेऊन आलेले वितरकही जेवायला असत आणि अण्णांना ताटातून वाफ निघालेली लागायची. म्हणून सासूबाई मध्यंतराला उठत. वहिनी आल्या आणि त्याही उठू लागल्या. पुढे धाकटी जाऊ आली, तीही. बायकांच्या खुर्च्या मुद्दाम बाजूच्या दाराजवळ ठेवल्या होत्या, कारण तिथून जिना चढला की थेट स्वयंपाकघर. त्या बाहेर पडल्या की उजेड आत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी लागायची.

आता अण्णांचा नियम. त्यांचे एक मेहुणे सिनेमाच्या दुसऱ्या अर्ध्यात घोरायचे आणि दिवे लागले की सगळ्यांच्या आधी खडाखडा मत द्यायचे. वैतागून अण्णांनी एकदा सांगून टाकलं, ज्यानं शेवट पाहिला नाही त्यानं बोलायचं नाही. नियम केला मेहुण्यांसाठी, आणि मेहुणे तर त्यानंतर रुसून यायचेच बंद झाले. त्या नियमात घरातल्या सगळ्या बायकांची तोंडं बंद झाली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. अण्णांच्या तर नाहीच. ते बिचारे बायकांना कौतुकानं पहिल्या अर्ध्याबद्दल विचारायचे.

म्हणजे सिनेमावर जगणाऱ्या या घरात लग्न होऊन आलेल्या बायकांनी आपल्याच थिएटरात एकही सिनेमा धड संपताना पाहिला नव्हता. बाहेरचं कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

वहिनींची लेक लहान होती तेव्हा झोपताना सिनेमाची गोष्ट मागायची. अर्धी गोष्ट सांगून मूल झोपत नाही, म्हणून वहिनी पुढची अर्धी मनानं रचायच्या. त्यांच्या गोष्टीत नायिका रडत परत येत नसे. ती दुकान काढायची, खटला जिंकायची, एकदा तर सासरच्यांना सोडून जहाजावर स्वयंपाकीण म्हणून गेली होती. पुढे लेक मोठी झाली, खालचं तिकिटाचं काम बघू लागली आणि खरे शेवट तिला दिसू लागले. एकदा ती तणतणत वर आली होती. "आई, तू मला फसवलंस! ती मरते त्यात!" वहिनी तेव्हा खूप हसल्या होत्या. त्या मुलीला सगळे चिमणी म्हणत आणि आता सगळं थिएटर तीच चालवत होती.

पण किती दिवस, याचाच आज निकाल होता.

रविवारच्या भांडणानंतर घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नव्हतं. थिएटर एका फर्निचरवाल्याला हवं होतं. तो सगळ्या खुर्च्या उपसून काढणार आणि तिथं खुर्च्याच विकायला ठेवणार, यावर चिमणी सोडून सगळे एकदा हसले होते. दादांचे धाकटे भाऊ दातांचे डॉक्टर. त्यांना आपल्या वाट्यातून नवा दवाखाना घालायचा होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतही नव्हतं.

"तिकिटाच्या खिडकीशी मी बसते," चिमणी रविवारी म्हणाली होती. "शिवणकारखान्यातल्या बायका रोज विचारतात, तो बोटीवरच्या बाईचा सिनेमा कधी लावणार? इस्पितळातल्या नर्सा विचारतात. शाळेतल्या बाई विचारून गेल्या."

"विचारायला काय जातंय?" डॉक्टर म्हणाले. "माझे पेशंटपण विचारतात दात कधी काढताय. खुर्चीत बसायची वेळ आली की पसार. मागं असलाच एक लावला होता ना? आठवडाभर माशा मारल्या."

"दुपारी बाराला लावला होता, काका! त्या वेळी बायका कामावर असतात, नाहीतर ओट्यापाशी. आणि पोस्टरवर कुणाला छापलं? हिरोला. त्या बिचाऱ्याला सबंध सिनेमात एकदा गाडीत बसून निघून जायचं काम होतं. त्याच्यासाठी आलेले पुरुषसुद्धा शिव्या देत गेले."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"बायकांचे सिनेमे बायकाच बघत नाहीत," दादा एवढंच म्हणाले.

"तुम्ही त्यांना येता येईल अशा वेळी कधी लावलेत?"

मग दादांनी शब्द दिला होता. गुरुवारी तो सिनेमा पाहू. 'लावू' ठरलं तर संध्याकाळचा खेळ त्यालाच आणि फर्निचरवाल्याला नकार. 'नको' ठरलं तर त्याच संध्याकाळी त्याला चावी.

पाहणारे पाच. दादा आणि डॉक्टर काय म्हणणार हे भिंतींनाही ठाऊक होतं. चिमणीचं मतही ठाऊक होतं. उरल्या दोघी जावा, आणि त्यांनी बोलायचं तर शेवटपर्यंत बसायला हवं होतं.

सकाळी धाकटी वर आली तेव्हा वहिनींनी तिला डबे दाखवले.

"आज मध्यंतराला उठायचं नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीनं एक झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"वहिनी, ह्यांना कळलं तर?"

"काय कळायचंय? दोन बायका सिनेमा बघत बसल्यात, हेच ना?"

"तुम्हाला सोपं आहे. मला रात्री त्याच घरात जायचंय. नव्या दवाखान्याचे पडदेसुद्धा निवडून झालेत."

"मी तुला 'लावू' म्हण असं सांगतच नाहीये. तू नुसती बस. शेवट बघ. मग वाटेल ते म्हण."

"आणि नाही जमलं मला?"

"अगं, बसायचंच तर आहे! त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मनाचा ठाव लागेना म्हणून वहिनींना दिवसभर काळजी वाटत राहिली ती तिचीच. ही ऐन वेळी कच खाणार, असं त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं.

दुपारी पुढचं दार आतून बंद झालं. एवढ्या मोठ्या थिएटरात पाच माणसं. दादा मधल्या रांगेत, अण्णा बसायचे त्या खुर्चीशेजारी. डॉक्टर दोन खुर्च्या सोडून, पाय पुढच्या खुर्चीवर टाकून. चिमणी अगदी पुढे. जावा बाजूच्या दाराजवळ, आपापल्या ठरलेल्या जागी. वहिनींच्या खुर्चीची गादी एका बाजूनं दबली होती, उठताना नेहमी त्याच बाजूला भार टाकल्यामुळे.

सिनेमा सुरू झाला. नदीच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडणारी एक बाई, वयानं वहिनींएवढीच. दिवसभर लोकांना पलीकडे पाठवायची आणि स्वतः कधी पलीकडे गेली नव्हती. घरी नवरा, म्हातारा सासरा, चुलीपासून नळापर्यंत सगळं तिच्या जिवावर. नवरा वाईट नव्हता. संध्याकाळी ती आली की तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "आलीस? बरं झालं." पहिल्यांदा तो असं म्हणाला तेव्हा धाकटी फिस्सकन हसली आणि तिनं वहिनींच्या हाताला हात लावला. मग पलीकडच्या काठावरून त्या बाईला कामाचं बोलावणं येतं. मोठ्या बोटीवर, खोली देऊन.

वहिनी भान विसरल्या. आजूबाजूला कोण बसलंय, आज काय ठरवायचंय, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. त्या बाईनं कपाटातून पिशवी काढली, पुन्हा आत ठेवली, पुन्हा काढली, तेव्हा वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. पहाटेच्या अंधुक उजेडात बाई धक्क्यावर आली. बोट लागलेली होती. खलाशानं हात पुढे केला. बाईनं मागे वळून घराकडे पाहिलं, आणि पडद्यावर 'मध्यंतर' ही अक्षरं आली.

दिवे लागले.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. गॅस पेटलेला, वर भाजीचं पातेलं, हातात डाव. भाजी खालून लागू नये म्हणून त्या ढवळत होत्या आणि मनात अजून धक्क्यावरची ती बाईच घोळत होती. जाईल, त्या म्हणत होत्या, ही जाईल. पापड नको, ताटं काढायला हवीत.

"ताटं घे गं," त्या मागे न बघता म्हणाल्या.

कुणी ताटं घेतली नाहीत. त्या वळल्या. टेबलावर उघडा डबा होता आणि ताटांवरचं कापड तसंच होतं. धाकटी नव्हती.

मग सगळं एकदम लक्षात आलं. दिवे लागताच पाय सवयीनं वर आले होते. त्यांनी गॅस बंद केला, का नुसता फिरवला, हेही त्यांना पुढे आठवेना. जिन्यावर एक चप्पल सुटली. बाजूचं दार त्यांनी ढकललं आणि ते हललं नाही. दादांनी कडी घातली होती. दर गुरुवारी घालत तशी, बायका गेल्या एवढंच बघून. किती गेल्या ते बघायचं त्यांना कधी कारणच पडलं नव्हतं. पुढचं दार तर आतून बंद.

वहिनींनी बोटांनी दार वाजवलं. या दारावर आजवर कुणी वाजवलेलं नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, इंजिनाचा, मग कुणीतरी बाई बोलत होती, शब्द कळत नव्हते. त्यांनी मुठीनं वाजवलं. मग तळव्यानं, जोरात, दोनदा. आत बोटीचा भोंगा झाला आणि त्यांचा आवाज त्यात बुडून गेला.

त्या पायरीवर बसल्या. दाराला कान लावला. एकदा कुणी तरी हसलं किंवा रडलं. कुठलं ते त्यांना ठरवता आलं नाही. स्वतःच्या पायांचा त्यांना इतका राग आला की त्यांनी गुडघ्यावर खरंच एक ठोसा मारला.

धाकटीनं कडी काढली तेव्हा आत दिवे लागले होते. वहिनी गपचूप जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. धाकटीचे डोळे लाल होते.

"तुम्ही गेलात," ती पुटपुटली. "मला वाटलं काहीतरी विसरलात, याल लगेच. मग कुणीतरी दार वाजवत होतं... मला वाटलं सिनेमातच वाजवतायत."

"हं," दादा म्हणाले. "डॉक्टर?"

"नको." डॉक्टरांनी पाय खाली घेतले. "वाईट नाहीये दादा, खोटं कशाला बोलू? पण आपल्याकडे नाही चालायचा."

"माझंही नको."

"लावू," चिमणी म्हणाली. "संध्याकाळचा खेळ, आणि पोस्टरवर ती बाई."

मग सगळे धाकटीकडे वळले. डॉक्टर तर हसतच वळले, उठून गेली असेल असं समजून. ती जागेवर बसलेली बघून त्यांचं हसू विरलं.

"तू इथंच होतीस?"

"होते," धाकटी म्हणाली. तिनं पदराची घडी घातली, मोडली. "लावू."

"काय?"

"लावू म्हणाले. पाहिलाय मी शेवट. मला बोलता येतं."

दोन आणि दोन. चिमणी पुढच्या रांगेतून धावतच मागे आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की वहिनींना तिच्याकडे बघवेना.

"आई, बोल."

"लावू," वहिनी म्हणाल्या.

"झालं! बाबा, तीन!"

दादा बायकोकडे बघत होते. रागानं नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते, आणि मग चिमणीनंही तिकडे पाहिलं. वहिनींच्या हातात डाव होता. भाजीचा ओघळ मनगटापर्यंत आलेला.

"तू वर गेली होतीस," दादा हळूच म्हणाले.

"आई?"

वहिनींनी मान हलवली.

"मग पुन्हा लावू अर्धा!" चिमणी ओरडली. "मशीनवाला आहे अजून. आत्ता दाखवू तिला!"

"आणि मग ती काय म्हणणार, हे काय आपल्याला आत्ता माहीत नाही?" दादा म्हणाले. "बाकीच्यांची मतं ऐकून मग सिनेमा पाहणाऱ्याचं मत अण्णा धरत नसत. दोन-दोन झाले की थोरल्याचं. हा नियम मी केलेला नाही, चिमणे."

"मोडा ना मग! एकदा तरी मोडा!"

दादा अण्णांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. एकदम म्हातारे दिसले ते.

"मी थकलोय गं," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी या रिकाम्या खुर्च्यांना तोंड दाखवायचं. तुझ्या त्या बायका येतीलही. एक आठवडा, दोन आठवडे. मग पुन्हा मी इथं उभा. मला सुटायचंय यातून. रविवारी शब्द दिला तेव्हाही मला सुटायचंच होतं."

चिमणी पाठ फिरवून तिकिटाच्या खोलीकडे निघून गेली. नवऱ्याचा राग यावा अशी त्यांची फार इच्छा होती, पण तो येईना.

वर ताटं वाढली गेली. भाजी खालून लागली होती, म्हणजे गॅस चालूच राहिला होता. डॉक्टर बायकोशी न बोलता जेवले. धाकटी ताठ बसून जेवली, सावकाश, सगळं. दादांनी दोन घास खाऊन ताट सारलं आणि चाव्यांचा जुडगा शोधायला उठले. ताटात वाफ होती. वहिनी वाढत राहिल्या, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

चिमणी जेवायला आलीच नाही. ती खाली तिकिटाच्या खोलीत होती, खिडकीची फळी लावून. वहिनींनी दारातून आत पाहिलं.

"चिमणे, दोन घास खा."

चिमणी तिकिटांची पुस्तकं रचत राहिली.

"शेवटी काय झालं गं? गेली का ती?"

चिमणीनं मान वर केली. ती मघाशी रडली असावी.

"तूच लाव की शेवट," ती म्हणाली. "आजवर लावलेसच."

एवढं वाईट ती आईला आयुष्यात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिलाही ते कळलं, कारण तिनं तोंड दुसरीकडे केलं. वहिनी बाहेरचं दार उघडायला गेल्या. फर्निचरवाला येणार होता, आणि बाहेरचं दार त्याच उघडत आल्या होत्या.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. शिवणकारखाना सुटला होता आणि तीन-चार बायका पोस्टरच्या काचेपाशी थांबल्या होत्या, खांद्याला डबे, केसांत दोऱ्याचे तुकडे. दार उघडलेलं बघून त्या लगबगीनं पुढे आल्या.

"वहिनी, आज पाहिलात ना तो बोटीचा?" त्यांतली मोठी म्हणाली. "उद्यापासून ना? आम्ही घरी सांगूनच ठेवलंय, उद्याचं जेवण ज्याचं त्यानं बघायचं."

"नाही लागणार," वहिनी म्हणाल्या. "आता काहीच नाही लागणार इथं."

बायकांचे चेहरे पडले. एक जण "बघा, म्हटलं होतं मी" असं म्हणून वळलीसुद्धा. पण मोठी जागची हलली नाही.

"मग निदान सांगा तरी," ती म्हणाली. "ती पिशवी घेऊन धक्क्यावर येते इथवर माझ्या बहिणीनं सांगितलं. तिनं तिच्या गावात पाहिला, पण पोर आजारी पडलं म्हणून मधूनच उठावं लागलं. पुढं काय? जाते का ती?"

वहिनींनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी कितीतरी जणींना कुठं कुठं पाठवलं होतं, दुकानात, कोर्टात, जहाजावर. हिला तर फक्त नदी ओलांडायची होती. बाई धक्क्यावर उभी होती, खलाशानं हात पुढे केला होता, बाईनं मागे वळून घराकडे पाहिलं. त्यापुढे त्यांना काही दिसेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. बायका वाट बघत थांबल्या होत्या.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी मध्यंतराला उठले."